डावी नाकपुडी

"म्हण, मामा."

"बाबा."

"मामा."

"बाबा."

मी पाचवीत होते. बाईंनी मला फळ्याजवळ उभं केलं होतं. धडा वाचायला सांगितला होता आणि धड्यात मामा होता, गावाहून येणारा, टोपी घालणारा. माझं नाक लहानपणापासून बंद. नाक बंद असलं की म निघत नाही, ब निघतो. न निघत नाही, द निघतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच कळायचं की मी बरोबर म्हणतेय आणि बाहेर चुकीचं पडतंय.

चार वेळा म्हणायला लावलं. मग बाई वर्गाकडे वळल्या. म्हणाल्या, "यांच्याकडे मामा आणि बाबा एकच असतो वाटतं."

वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मोठ्या मुली जरा जास्तच हसल्या.

मीही हसले.

हे आधी सांगून टाकते. बाकीचं सांगणं त्यापेक्षा सोपं आहे.

'यांच्याकडे' म्हणजे कोणाकडे, ते वर्गाला माहीत होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी पूर्ण नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं. त्यांनी हजेरीपटावरून मान वर केली. "अस्सं," म्हणाल्या. एवढंच. माझी जागा शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी झाली. वडील भुसावळकडचे. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, बदली होऊन बडोद्याला आलेले. आम्ही प्रतापनगरच्या बाजूला चाळीत राहायचो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली जुन्या बडोदेकरांच्या. त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांचे पगडीतले फोटो. भाषा आमची एकच, मराठी. बाहेर सगळं गुजराती, म्हणून वडिलांना वाटायचं, मराठी शाळा म्हणजे आपल्या माणसांची शाळा.

माझा चेहरा आईचा. लांबट. ओठ मिटत नाहीत. वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये बोट जाईल एवढी फट. भाकरी दातांनी तुटायची नाही. हाताने तोडायची, दाढेखाली सारायची. आणि जेवताना श्वास घ्यायचा तर चावणं थांबवायचं, कारण श्वासाला तेवढी एकच वाट. दोन घास, मग तोंड उघडून दम. दोन घास, मग दम. डब्याच्या सुट्टीत मुली बघत राहायच्या. एकीने बाईंना जाऊन सांगितलं, आम्हाला किळस येते. बाई म्हणाल्या, "तोंड मिटून जेवायचं, नाहीतर बाहेर." मी बाहेर गेले. पाण्याच्या टाकीमागे सातवीपर्यंत एकटीने डबा खाल्ला.

घरी सांगितलं नाही. आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून नाकाशी धरायची. तिचंही नाक तसंच. ती म्हणायची, "आपल्या घरात असंच आहे गं." मला ते पटलेलं होतं. असंच आहे.

बाईंचं ते वाक्य मला कळलं नववीत. आई नळावर भांडी घासत होती, मी विसळत होते. आई म्हणाली, रविवारी मामा येतोय. आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. चार वर्षांनी ते वाक्य माझ्या डोक्यात उलगडलं. बाईंनी माझ्या आईला शिवी दिली होती. भर वर्गात. आणि मी हसले होते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

मामा आला. पिशवीत केळी घेऊन आला, नेहमीसारखा. मी पाणी दिलं, पाया पडले. हाक मारली नाही. त्यानंतर कधीच मारली नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची, तो वर बघायचा, मग बोलायची. एकदा तो आईला म्हणाला, "पोरगी शिकली, आता आपल्याला हाक मारायची लाज वाटते तिला." मी आत होते. ऐकत होते. बाहेर येऊन खरं सांगावं, एवढंही माझ्याने झालं नाही.

कॉलेज झालं. वाघोडियाला औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. गोळ्यांच्या पट्ट्या बघायच्या, फुटलेली गोळी बाजूला काढायची. तिथे सगळ्यांना मास्क. पहिल्या दिवशी मास्क लावून आरशासमोर उभी राहिले. पहिल्यांदाच मी चारचौघींसारखी दिसत होते. पण मास्कच्या आत तोंडाने श्वास घेतला की कापड ओलं व्हायचं, गरम व्हायचं. उन्हाळ्यात एक दिवस चक्कर येऊन पडले. कंपनीच्या डॉक्टरने तोंड बघितलं, टाळू बघितली आणि एका ट्रस्टच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे जबड्याची ऑपरेशनं फुकट होत.

"बेन, मोढुं खोलो." मी तोंड उघडलं. आठ-दहा शिकाऊ डॉक्टर भोवती. मोठे डॉक्टर माझी हनुवटी धरून मला इकडे तिकडे वळवत होते, बाजारात वांगं बघतात तसं. मग समजावून सांगितलं, ते मात्र नीट सांगितलं. वरचा जबडा अरुंद आहे, टाळू उंच, म्हणून नाकातली वाट चिंचोळी. आधी दात तारांनी सरळ करायचे, त्याला दीड वर्ष. मग वरचा जबडा कापून रुंद करायचा, थोडा वर सरकवायचा, खालचा त्याला जुळवायचा. "चेहरा बदलाई जशे," ते म्हणाले.

मी विचारलं, "नाकातून श्वास येईल?"

"आवशे, आवशे."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले ती दुपार होती. वरचे-खालचे दात रबरांनी घट्ट बांधलेले. नाकात रक्त सुकलेलं, आतून सूज. जन्मभर ज्या वाटेने श्वास घेतला ती वाट माणसांनी बांधून टाकली होती आणि दुसरी उघडलीच नव्हती. दाढांच्या मागच्या फटीतून सुईएवढा वारा यायचा. मला बोलायला पाटी दिली होती. मी लिहिलं, दम कोंडतोय. आईला वाचता येत नाही. ती पाटी घेऊन पळत नर्सकडे गेली. नर्सने वाचलं, येऊन म्हणाली, "नाकथी श्वास लो. बधा ले छे."

सगळे घेतात.

आई माझ्यासमोर बसली. माझा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "माझ्यासारखा घे. हळू. हं. परत." आणि तोंड उघडं ठेवून ती हळूहळू श्वास घेत राहिली. तिला दुसरा श्वास येतच नव्हता. दुपार गेली, संध्याकाळ झाली. तिने हात सोडला नाही. मी जगले ती तिच्या श्वासाच्या तालावर.

दीड महिन्याने सूज उतरली. आणि उजवी नाकपुडी उघडली. मी आईबरोबर मांडवीच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. तोंड मिटून चालत होते आणि काहीतरी आत आलं. कोऱ्या कापडाचा वास. पुढे शेव-उसळीच्या गाडीवरच्या रश्श्याचा वास. इतकी वर्षं बडोद्यात काढली, पण बडोद्याला वास आहे हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. आई म्हणाली, "दुखतंय का?"

डावी मात्र उघडली नाही. आधी थोडा तरी वारा जायचा, आता पूर्ण बंद. उजव्या कुशीवर झोपलं की जीव घाबरा होऊन उठायचे. दवाखान्यात गेले, सांगितलं. "सोजो छे, उतरी जशे." सूज आहे, उतरेल. दोन महिन्यांनी परत सांगितलं. तिसऱ्या वेळी मोठे डॉक्टर वैतागले. "नाकनुं शुं लईने बेठी छे? आरसामां जो." नाकाचं काय घेऊन बसलीस, आरशात बघ.

मी आरशात बघितलं आणि घरी आले.

कारण आरशातलं मला आवडलं होतं. ओठ मिटत होते. स्थळं यायला लागली होती. कंपनीतल्या मुली बरोबर जेवायला बोलवत होत्या. मी जुने फोटो फाडले, ओळखपत्रावरचा बदलून घेतला. आणि आणखी एक केलं. संध्याकाळी कंपनीची बस उतरवायची तिथे आई कधीमधी यायची, भाजी घेऊन आम्ही बरोबर घरी जायचो. मी तिला म्हटलं, "तू येत जाऊ नकोस. उगाच पाय दुखतात तुझे." तिचे पाय दुखत नव्हते. तिच्याकडे माझा जुना चेहरा होता. ती बरं म्हणाली. तिला कळलं होतं.

वर्षभराने ट्रस्टचा कार्यक्रम होता. देणगीदार येणार होते. मला निरोप आला की स्टेजवर यायचं, दोन शब्द बोलायचे, घरच्यांना आणायचं. आईने ठेवणीतली साडी नेसली. तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. ट्रस्टच्या एक बाई होत्या, मराठी, जुन्या घराण्यातल्या. स्टेजमागे त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, "किती गोड दिसतेस. आता कोणी ओळखणारही नाही हो, तू कुठली आहेस ते."

मी थँक्यू म्हटलं. खरंच म्हटलं.

मग दिवे मंद झाले. पडद्यावर माझा ऑपरेशनआधीचा फोटो आला. समोरून, बाजूने, ओठ ताणून दात उघडे केलेला. भिंतीएवढा. मला कोणी विचारलं नव्हतं. सभागृहात 'अरेरे' झालं. मागे कोणीतरी हसलं. डॉक्टर माइकवर सांगत होते की या चेहऱ्याने ही मुलगी पंचवीस वर्षं जगली.

मी आईकडे बघितलं. पडद्यावर तिचाच चेहरा होता. तीच हनुवटी, तेच ओठ. शेजारच्या दोन बायका एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. आईने पदर ओढून तोंडावर घेतला.

तिने असं कधी केलं नव्हतं. चाळीत नाही, रेशनच्या रांगेत नाही, दवाखान्यात नाही. उघड्या तोंडाने ती सरळ जगली होती. तिला तोंड झाकायला लावलं ते मी तिला जिथे आणलं त्या सभागृहाने.

माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, "पहले फोटो हटाइए."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, मी लाजतेय. "बेन, अब शर्म कैसी?"

"फोटो हटाइए. फिर बोलूँगी."

मी गप्प उभी राहिले. कोणी खोकलं. ट्रस्टच्या बाईंनी हाताने खूण केली, बोल, बोल. मी बोलले नाही. शेवटी मशीनवाल्याने पडदा कोरा केला.

मग मी मराठीत बोलले. समजणारे तिथे पुष्कळ होते. म्हटलं, "माझी डावी नाकपुडी ऑपरेशननंतर बंद झाली आहे. तीन वेळा सांगितलं. यांनी कागदावर लिहिलं नाही. चेहऱ्यासाठी मी आले नव्हते. श्वासासाठी आले होते. आणि तुम्ही ज्या चेहऱ्याला अरेरे म्हणालात, तो माझ्या आईचा आहे. ती समोर बसली आहे."

'माझी' म्हणताना 'बाझी'च आलं. नाक अर्धं बंद होतं. मी परत म्हटलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी माइक काढून घेतला. ट्रस्टच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उपकाराची जाण नसते यांना." ते 'यांना' मी तेव्हाच ओळखलं. यावेळी मी हसले नाही. म्हटलं, "मला सांगा. माझ्या तोंडावर सांगा, यांना म्हणजे कोणाला." त्या निघून गेल्या.

रिक्षात आई चिडली होती. "काय गरज होती? फुकट केलं त्यांनी. माझं काय, मी म्हातारी बाई." घरी आल्यावर मी तिला पाचवीतलं सांगितलं. सगळं. बाई काय म्हणाल्या ते आणि मी हसले तेही. तिने ऐकून घेतलं. उठून चूल पेटवतात तसा गॅस पेटवला, चहा ठेवला. "लहान होतीस" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. आणि बरं वाटावं असं मी काही केलेलं नव्हतं. ती लाज माझ्याकडेच आहे. ती कोणत्या ऑपरेशनने जाणार नाही, जाऊही नये.

लेखी अर्ज करून मी माझे कागद मागितले. तीन खेपा घातल्या, चौथ्या खेपेला दिले. कागदावर शेवटची नोंद होती, रुग्ण समाधानी. दुसऱ्या दवाखान्यातल्या नाकाच्या डॉक्टरने आत दिवा टाकून दोन मिनिटांत सांगितलं, वरचा जबडा वर सरकवताना नाकातला पडदा वाकला आहे, सरळ करता येईल.

परवा त्यांनी या नव्या ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढे केला. मी बसून सगळा वाचला. फोटो वापरण्याच्या ओळीवर काट मारली. शेवटी मोकळी जागा होती, तिथे माझ्या अक्षरात लिहिलं: श्वास येतो की नाही हे रुग्ण सांगेल, आणि ती सांगेल ते तसंच कागदावर लिहिलं जाईल.

नर्स म्हणाली, असं कोणी लिहीत नाही, साहेबांना विचारावं लागेल.

विचारा, म्हटलं. साहेब नाही म्हणाले तर मी दुसरीकडे जाईन. तिथे नाही म्हणाले तर तिसरीकडे. ही ओळ मान्य होईपर्यंत माझी सही कोणाला मिळणार नाही.