सासूबाईंची नागीण

आज सकाळी शेजारणीनं कुंड्यांना गेरू लावला आणि त्या ओल्या वासानं माझं डोकं सणकलं. कैक वर्षांपूर्वी लग्न होऊन सास्तूरला गेले आणि महिन्याभरातच सासूबाईंच्या बरगडीवर नागीण उठली. त्यांच्या अंगाची नुसती आग होत होती. नागिणीचं तोंड शेपटीला मिळू नये म्हणून फोडांभोवती गेरूचं कुंपण घातलं होतं, आणि जमलेल्या बायांसमोर चुलत सासूबाई म्हणाल्या, "नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय!" मी तावातावानं सांगितलं, की ही नागीण बाहेरून आलेली नाही, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो. या कुळातले बरेच विषाणू मायक्रोआरएनए नावाच्या इवल्या तुकड्यांनी स्वतःचीच जनुकं गप्प ठेवतात, म्हणून शरीराला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. "लई शिकलीस व्हय?" चुलत सासूबाई फिस्कारल्या. "हिला कवा आल्या व्हत्या कांजिण्या? इचार की तिलाच!" मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बाया उठून गेल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. "आल्या व्हत्या गं, माहेरी आसताना. पर म्या बोलले आसते, तर माझ्याच पापाचं फळ म्हणल्या आसत्या." मी हात झटकून टाकला. विषाणू गप्प बसतो तो जगण्यासाठी, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्याही त्याचसाठी गप्प बसल्या, हे मला आता कळतं. कळतं, तरी आज गेरूच्या वासानं तो हात मी मनातल्या मनात पुन्हा तसाच झटकला.