पदरवाली म्हातारी

नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण मनात घर करून बसली आहे ती लोणारची एक दुपार. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. धाड गावाकडचा एक तरुण शेतकरी बायकोसह धापा टाकत ठाण्यात आला. जीप करून सगळे जुन्या देवळाचा चौक पाहायला आले होते, आणि तिथल्या गर्दीत त्याची आई दिसेनाशी झाली होती.

मी मिसिंगची नोंद घ्यायला सांगून वर्णन विचारलं.

"डोक्यावर पदर, साहेब. मायचा पदर कधी खाली पडत नाही," तो म्हणाला. मोबाइलमधल्या फोटोतही पदर कपाळापर्यंत होता. तो फोटो शिपायांना पाठवला आणि दोघांना सरोवराच्या वाटेवर पिटाळलं. तिथली उतरण वाईट. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला, तर ओरडलेलं वर ऐकू येत नाही. माझा जीव तिथेच अडकला होता.

चौकातल्या बांगडीवालीने खबर दिली. "एक म्हातारी गेली, पण डोकं उघडं होतं तिचं. पोरीवानी भिताडाले हात लावत जाऊन राह्यली होती." आम्हाला हवी होती पदरवाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग घरच्यांकडे वळलो. माणूस हरवलं की निम्मं कारण घरातच सापडतं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवलं. मुलगा "भांडण नाही, काही नाही" यापुढे सरकेना. सून मात्र रडायला लागली.

"सकाळपासून गप्पच होत्या सासूबाई. देवळापाशी आलो तं म्हणल्या, 'इथं मी लंगडी खेळत होती.' आम्ही फोटो काढून राह्यलो होतो. कोणी ध्यानच नाही देलं."

"म्हणजे माहेर लोणारचं?" मी मुलावर ओरडलोच. "सांगितलं काऊन नाही बे?"

"मामा वारले, घर इकलं. आता इथं कोणी नाही, साहेब."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे सासरी बाईचा पदर जन्मभर डोक्यावर असतो, आणि माहेरच्या गावात पाय ठेवला की तो खांद्यावर येतो. माझी आईही तेच करायची. मुलाला आणि बांगडीवालीला सोबत घेऊन तिने दाखवलेल्या गल्लीत शिरलो.

एका ओट्यावर म्हातारी बसली होती. गावातच दिलेली तिची बालमैत्रीण तिच्या केसांना तेल लावत होती आणि दोघी खिदळत होत्या. मुलगा तिला न ओळखताच समोरून पुढे निघून गेला. आईला त्याने असं कधी पाहिलंच नव्हतं. मग वळला, आणि तिच्या पायाशी बसून रडला.

"रडतं काऊन रे? मी तं माह्या गावातच आहो," ती म्हणाली.

त्यानंतर बाई हरवल्याची तक्रार आली की मी वयाच्या आधी माहेर विचारायचो. घरच्यांना दिसते तेवढीच बाई शोधून भागत नाही, हे मला त्या चौकाने शिकवलं. निवृत्त झालो, पण ते दोघींचं हसू अजून कानात आहे.

त्या दिवशी परत जायला जीपमध्ये बसताना म्हातारीने सवयीने पदर डोक्यावर ओढला. सुनेने तो हळूच खाली घेतला.

"घाई काऊन करता, आत्याबाई? गावची शीव तं येऊ द्या."