कोय ॲबशरचा दिवा

कोय ॲबशरला जाऊन येत्या रविवारी वर्ष होईल. डॉकरीच्या बाप्टिस्ट चर्चमागे त्याला पुरलं तेव्हा अर्धं गाव हजर होतं. तरीही टीव्हीच्या लेखी कोय अजून जिवंत आहे. रविवारी दुपारी तो आपल्या खुर्चीत बसून मोटारींच्या शर्यती बघतो. ही गोष्ट त्याची बायको व्हर्नेल सोडून कुणालाच ठाऊक नाही, आणि व्हर्नेल ती कुणाला सांगेल असं तिचं तिलाही वाटत नव्हतं.

व्हर्नेल अडुसष्ट वर्षांची. मोज्यांच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली, गिरणी बंद पडली, तेव्हापासून सकाळी एडिथच्या खाणावळीत बिस्किटं भाजते आणि कॉफी ओतते. बोलायला मोजकी, कामाला वाघ. अशा बाईने काही लपवलेलं असेल हे सांगूनही पटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने त्यांच्या टीव्हीवर एक डबी बसवली. देशात कोण काय बघतं ते मोजणारी ही कंपनी. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक दिवा आणि रिमोटवर एक बटण. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. मधूनमधून दिवे लुकलुकतात, म्हणजे डबी विचारते, आहात ना? मग परत दाबायचं. आमच्याकडे अशी डबी आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, ही अट.

कोयला हे फार आवडलं. फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर लाकूड घासलेल्या माणसाला कोणी कधी मत विचारलं नव्हतं. तो रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवायचा आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. लघवीला उठला तरी आधी बटण दाबून दिवा घालवायचा. "खोटं नको," म्हणायचा. शर्यत अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर असली की त्याचा दिवा पहिल्या फेरीपासून शेवटच्या झेंड्यापर्यंत जळायचा. दीड मैलाच्या मोठ्या ट्रॅकवर असली की विसाव्या फेरीला तो दिवा घालवून घेवड्याच्या वेलांकडे निघून जायचा. आणि जिथे गाड्या नुसत्या गोल न फिरता डावीकडेही वळतात आणि उजवीकडेही, त्या शर्यतीला तर तो टीव्हीच लावू देत नसे.

डॉकरीचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा. कोयने तिथली एकही शर्यत चुकवली नव्हती, गुडघे स्टँडच्या पायऱ्या चढेनात तोवर. मग शेवटची तीन वर्षं घरून. पण टीव्हीवरच्या बोलणाऱ्यांवर त्याचा राग. तो टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि कानांना हेडफोनवाला रेडिओ लावायचा. आता टीव्हीचं चित्र घरी पोचायला रेडिओपेक्षा सात-आठ सेकंद जास्त लागतात. त्यामुळे गाडी भिंतीवर आदळायची ती आधी कोयच्या कानात, मग व्हर्नेलच्या डोळ्यांसमोर. कोय "अरे" म्हणायचा, व्हर्नेल विणकाम खाली ठेवून पडद्याकडे बघायची आणि वाट पाहायची. सात सेकंदांनी गाडी गिरकी घ्यायची. इतक्या वर्षांची सवय. तो "अरे" म्हणाला की पडद्याकडे बघायचं, त्याच्याकडे नाही.

एडिथच्या खाणावळीत सोमवारी सकाळी शर्यतीची शाळा भरते. खिडकीजवळच्या टेबलावर हॉइट स्पेनहावर आणि गार्लंड ट्रिपलेट. हॉइट कोयचा शाळेपासूनचा दोस्त, निवृत्त बस ड्रायव्हर, लहान ट्रॅकचा कट्टर. गार्लंडला मोठे ट्रॅक आवडतात आणि हॉइटला चिडवणं त्याहून जास्त आवडतं. तिसरी खुर्ची कोयची. तिच्यावर ते दोघे टोप्या ठेवतात.

त्या सोमवारी हॉइट चिंतेत होता. डॉकरीला वर्षात दोन शर्यती मिळत. शरद ऋतूतली काढून घेणार अशी कुणकुण होती.

"काढतील नाहीतर काय करतील?" गार्लंडने लिव्हरमशचा, डुकराच्या काळजाच्या तळलेल्या वडीचा, तुकडा तोंडात टाकला. "मागच्या वेळी चौथ्या वळणावरच्या स्टँडमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त होती. मी मोजली."

"तुला दोनशेपुढे मोजता येतं?"

"तिथे दोनशेपुढे मोजायची वेळच आली नाही बाबा."

"लोक घरी बघतात हल्ली," हॉइट म्हणाला. "स्टँड रिकामं दिसतं म्हणून शर्यत मेली असं होत नाही. हे बघ, आकडे." त्याने फोन हातभर लांब धरला. "वसंतातली आपली शर्यत. आदल्या वर्षीपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. आणि तुझ्या त्या दीड मैलाच्या ट्रॅकवर? खाली. का? कारण तिथे गाड्या एकामागे एक मिरवणुकीसारख्या जातात आणि बघणाऱ्याला डुलकी लागते."

"दोनशे मैलांच्या वेगाने मिरवणूक? तुझ्या ट्रॅकवर एकमेकांना ढुशा मारत फिरतात. ते बघायला मला शर्यत कशाला पाहिजे, शनिवारी बाजाराच्या पार्किंगमध्ये जाईन."

"ढुशा मारायला जिगर लागते."

"आणि हे वाढलेले लोक कोण? मला एक दाखव. माझा मुलगा बघत नाही, तुझा जावई बघत नाही. बघणारे सगळे त्या चर्चमागे जाऊन झोपले. मेलेले बघतात की काय तुझी शर्यत?"

व्हर्नेलच्या हातातली कॉफी कपाबाहेर गेली, गार्लंडच्या बाहीवर.

"अगं, भाजलंस की मला."

"बोलतोस किती," ती म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली. आत जाऊन ती पिठाच्या पिंपाला धरून उभी राहिली. डबी बसवायला आलेल्या बाईने तेव्हा समजावलं होतं की सगळ्या देशात अशी थोडीच घरं आहेत, म्हणून तुमचं एक घर हजारो घरांच्या वतीने बोलतं. म्हणजे ती कोयचं एक बटण दाबायची आणि तिकडे हजारो कोय खुर्च्यांत बसायचे. कानांना रेडिओ, मान किंचित डावीकडे. कोणी हलत नाही. हे चित्र एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. रविवारी दुपारी ते सगळे तिच्याबरोबर बघत असत.

कोय गेला त्या दिवशी काय झालं ते असं. डॉकरीचीच शर्यत होती. कोय कानाला रेडिओ लावून बसला होता, व्हर्नेल शेजारी. मध्येच तो "अरे" म्हणाला. नेहमीपेक्षा हळू. व्हर्नेलने पडद्याकडे पाहिलं. सात सेकंदांनी खरंच दुसऱ्या वळणावर एक निळी गाडी फिरली, सावकाशीचा पिवळा झेंडा आला. "पाहिलं रे," ती म्हणाली. मग ती बोलत राहिली. त्या ड्रायव्हरला लहान ट्रॅकवर ब्रेक कळत नाहीत, वगैरे, कोयचीच वाक्यं. कोय काही बोलला नाही, पण कानात रेडिओ असला की तो बोलतच नसे. ती उठून शेंगा उकडायला ठेवून आली. परत बसली. तेवढ्यात डबीचे दिवे लुकलुकले. "कोय, विचारतायत," ती म्हणाली. त्याने दाबलं नाही. डुलकी लागली असेल म्हणून ती हसली, खुर्चीच्या हातावरचा रिमोट उचलला, आपलं बटण दाबलं आणि त्याचंही दाबलं. दोन्ही दिवे स्थिर झाले. मग ती पुन्हा शर्यत बघू लागली. किती वेळ बघितली ते तिला मिनिटाच्या हिशेबात ठाऊक आहे, कारण शेंगा ठेवताना आणि नंतरही शेगडीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं होतं. पण तो आकडा ती मनातही उच्चारत नाही.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेला, कळलंही नसेल. डॉक्टर हे सगळ्याच विधवांना सांगतात. व्हर्नेलला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तो "अरे" निळ्या गाडीसाठी होता की स्वतःसाठी. गाडीसाठी असेल तर त्यानंतरही तो जिवंत होता, तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर, आणि ती ड्रायव्हरच्या चुका काढत बसली होती. हाक मारली असती, छाती दाबली असती, काहीही केलं असतं. हे तिने वर्षभर उलटंसुलटं करून पाहिलं.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी तिने टीव्ही लावला, दिवे लुकलुकले आणि तिने दोन्ही बटणं दाबली. हात आपोआप गेला असं ती स्वतःला सांगते. मग तीच रीत झाली. मोठा ट्रॅक असला की विसाव्या फेरीला ती कोयचा दिवा घालवते. लहान असला की शेवटपर्यंत. मध्ये एकदा चार मिनिटं घालवते, तो न्हाणीघरात जायचा तेवढी. रेडिओ लावून त्याच्या खुर्चीवर ठेवते. त्यातून बारीक कुजबुज येते, आणि कधीकधी टीव्हीवर सगळं सुरळीत चाललेलं असताना ती कुजबुज एकदम चढते. तेव्हा व्हर्नेल मान वळवत नाही. पडद्याकडे बघत सात सेकंद मोजते.

बुधवारी कंपनीच्या रोझलिनचा फोन आला. ही तीच डबी बसवणारी बाई. वर्षाकाठची भेट, घरातली माणसं तीच आहेत ना एवढं पाहायचं. उद्या दुपारी दोघंही घरी असाल ना?

"असू," व्हर्नेल म्हणाली.

ती रात्रभर जागी होती असं नाही, छान झोपली, आणि त्याचाच तिला सकाळी राग आला. खोटं बोलणं किती सोपं होतं. मासे पकडायला गेलाय म्हणायचं. रोझलिन कागदावर खूण करेल आणि कोय राहील. येत्या रविवारी डॉकरीची शर्यत, हॉइट दारोदार फिरून लोकांना टीव्ही लावायला सांगतोय, आणि कोयच्या बटणामागे हजारो माणसं आहेत. ट्रॅक वाचवायला कोयने काय नसतं केलं? पण हे कारण तिच्या स्वतःच्या गळी उतरेना. ट्रॅक राहो नाहीतर तिथे मका पिको. दिवा गेला की कोय सगळीकडून जाणार होता, आणि का लावला हे विचारलं की तिला ती दुपार सांगावी लागणार होती.

रोझलिन आली, बसली, गोड चहाचा पेला हातात घेतला. नेमकी कोयच्या खुर्चीकडे तोंड करून बसली.

"मिस्टर ॲबशर?"

"मासे," व्हर्नेल म्हणाली. एवढाच शब्द बाहेर आला. पुढचं वाक्य तिने सकाळपासून घोकलं होतं, ते आलंच नाही.

"धरणावर गेलेत का? हवा छान आहे." रोझलिनने पेन काढलं. "काही हरकत नाही मॅम. तुमच्या दोघांचं काम फार चोख असतं. विशेषतः त्यांचं. मी आमच्याकडे सांगतेसुद्धा, ॲबशरांकडे बघा, किती मनापासून बटण दाबतात."

व्हर्नेलने पेला खाली ठेवला.

"तो गेला," ती म्हणाली. "वारला. मागच्या वर्षी, डॉकरीच्या शर्यतीच्या दिवशी. बटण मी दाबते."

रोझलिनने तिच्याकडे पाहिलं. पेन तसंच हातात. मग हळू आवाजात म्हणाली, "मला हे कळवावं लागेल मिसेस ॲबशर. बहुतेक दोन-तीन आठवड्यांत डबी काढून नेतील. त्यांचं बटण मी आत्ताच बंद करते. मला फक्त तारीख लागेल."

व्हर्नेलने तारीख सांगितली. रोझलिनने लिहिली.

"वेळ नाही विचारत?"

"वेळ लागत नाही मॅम."

"मला सांगायचीय." व्हर्नेलचे दोन्ही हात मांडीवर होते. "दोन चाळीसला तो 'अरे' म्हणाला. दोन पंचावन्नला मी त्याच्या नावचं बटण दाबलं. हात लागला मला त्याचा, रिमोट घेताना. मी तोंडाकडे पाहिलं नाही. तीन वाजून एक मिनिटाला पाहिलं, जाहिराती लागल्या तेव्हा. एकवीस मिनिटं, बाई. जाहिराती लागल्या नसत्या तर अजून बघत बसले असते."

रोझलिनने पेन पर्समध्ये ठेवलं. उठून आली आणि व्हर्नेलच्या शेजारी बसली. तुमची चूक नाही वगैरे ती म्हणाली नाही, याबद्दल व्हर्नेल तिची अजून आभारी आहे. मग रोझलिनने उठून डबीच्या मागे काहीतरी दाबलं आणि कोयचा दिवा विझला. जाताना दारात म्हणाली, "रविवारी तुमचा तेवढा लावा."

रविवारी शर्यत सुरू झाली तेव्हा ऊन लख्ख होतं. हॉइटने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "व्हर्नेल, झोपू नकोस गं, एकेक माणूस मोलाचा आहे." तिने टीव्ही लावला, आपलं बटण दाबलं. रेडिओ लावला नाही. मग आपली खुर्ची उचलून तिने उलटी फिरवली, पडद्याकडे पाठ आणि कोयच्या खुर्चीकडे तोंड, आणि बसली. मागे गाड्या फिरत होत्या, एकदा काहीतरी आदळल्याचा आवाज आला, लोक ओरडले. कोयच्या खुर्चीमागच्या तसबिरीच्या काचेत दिवा लुकलुकताना दिसला की ती हात मागे करून बटण दाबायची.

शर्यत साडेतीन तास चालली. कंपनीकडे नोंद गेली ती अशी की ॲबशरांच्या घरी अडुसष्ट वर्षांच्या एका बाईने पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सगळी शर्यत पाहिली. तिने एकही फेरी पाहिली नव्हती. ती सगळा वेळ कोयकडे बघत होती.