भरल्या ताटावरून

मला सख्खा भाऊ नाही. डोंबिवलीला आमच्या चाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी आई मला निरांजनाचं ताट देऊन गच्चीवर पिटाळायची. भाऊ नसलेल्या मुलीने चंद्राला ओवाळायचं असतं. बीजेचा चंद्र तो केवढा, नखाएवढा, आणि दिवेलागणीला घटकाभर दिसून गायब. कधी ढग, कधी समोरची नवी बिल्डिंग आड. मग मी अंदाजाने कुठल्यातरी दिशेला ओवाळून खाली यायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या चंद्राचा रागच यायचा. खालच्या मजल्यावरचे भाऊ चकल्यांवरून बहिणींशी भांडायचे आणि माझा भाऊ आभाळात शिष्टासारखा बसलेला.

पुढे लग्न होऊन वर्तकनगरला आले, नोकरी झाली, पोरं मोठी झाली आणि चाळिशी उलटल्यावर मला भाऊ मिळाला. आमच्या सोसायटीचा वॉचमन. नेपाळी. नेपाळी वॉचमनला आपल्याकडे सरसकट जे एक नाव चिकटवतात, त्याच नावाने त्यालाही सगळे हाक मारायचे. ते त्याचं नाव नव्हतंच. मला त्याचं खरं नाव कळायला तीन वर्षं गेली, आणि तेही मी विचारलं म्हणून नाही, पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर वाचलं म्हणून.

एका भाऊबीजेला सकाळी दूध घेऊन येत होते, तर हा केबिनमध्ये हातात एवढासा आरसा धरून स्वतःच्या कपाळाला स्वतःच रंग लावत बसलेला. विचारलं तर म्हणाला, आज आमच्याकडे भाईटीका असतो, बहीण गावी आहे, कपाळ मोकळं ठेवायचं नाही. मी म्हटलं, अरे, आज आमच्यातही तेच. दुपारी वर ये, मी ओवाळते. यांना, म्हणजे आमच्या ह्यांना, वाटलं गीझर बघायला बोलावलंय. ते स्टूल काढून ठेवून तयार.

त्याची एकच अट होती. त्यांच्यात बहीण भावाभोवती तेलाची धार सोडते, गोल. यम ती ओलांडू शकत नाही. आणि टिळा लावून जेवण होईपर्यंत भावानेही ओलांडायची नसते. मला हे भारीच आवडलं. पाट मांडला, भोवती रांगोळी, रांगोळीबाहेर गोडेतेलाची धार. मग माझं ओवाळणं. मग दाराच्या उंबऱ्यावर बत्त्याने एक अक्रोड फोडायचा, तोही त्यांचाच रिवाज. लाद्यांवर तेल बघून हे म्हणाले, यमाचं मला माहीत नाही, पण मी आज नक्की जाणार. तो पाटावर बसून खळखळून हसला.

तेव्हापासून दर वर्षी. तो मला दिदी म्हणायचा. फराळाचा डबा खाली गेला की परत येताना कधी रिकामा आला नाही. अक्रोड, नाहीतर ते दगडासारखं याकच्या दुधाचं चीज, जे आमच्या घरी कोणालाच चावायचं नाही. त्याचे वडील आपल्या सैन्यात होते. तो ते फार अभिमानाने सांगायचा. आईला अजून आपल्याच सैन्याची पेन्शन मिळते म्हणायचा. बिल्डिंगच्या निम्म्या घरांच्या किल्ल्या त्याच्या केबिनमध्ये खिळ्यांना लटकलेल्या असायच्या. गावाला जाताना लोक देवाला नमस्कार करायला विसरतील, पण त्याच्याकडे किल्ली द्यायला विसरायचे नाहीत.

मग भूकंपाचं वर्ष आलं. त्याच्या गावचं घर बसलं. माणसं वाचली, आई आणि बायको पत्र्याखाली राहायला गेल्या. आमच्या बिल्डिंगने त्या वेळी खरंच केलं. घोंगड्या, ताडपत्र्या, औषधं. कल्याणला त्याच्या गावचा एक माणूस सामान पाठवायची व्यवस्था करत होता, तिथपर्यंत मी स्वतः त्याच्याबरोबर रिक्षातून पोती घेऊन गेलेले. परत येताना तो रिक्षात रडला आणि म्हणाला, आमच्या गावात सगळे सांगतात, पहिलं विमान इंडियाचं आलं. मीही रडले. इतकं चांगलं मला फार कमी वेळा वाटलंय.

आणि पाच-सहा महिन्यांत सगळं उलटं झालं. कसं झालं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. सीमेवर ट्रक अडकले. नेपाळात गॅस जाईना, पेट्रोल जाईना, औषधं जाईनात. तो म्हणायचा, तुमच्या सरकारने रस्ता बंद केला. आमचा टीव्ही सांगायचा, आपण काहीच बंद केलेलं नाही, त्यांचीच तराईतली, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागातली माणसं त्यांच्याच सरकारवर चिडून सीमेवरच्या पुलावर बसलीत. ह्यांना विचारलं. हे दोन पेपर वाचतात, त्यांनी दोन उत्तरं दिली. मी गॅसच्या शेगडीपुढे उभी राहून विचार करायचे की खरं कोणाचं, आणि तेवढ्यात दूध उतू जायचं.

त्या दिवाळीला भाऊबीजेला तो आला. आदल्या दिवशी गावाहून फोन आलेला. आई ओल्या लाकडांवर स्वयंपाक करत होती, तिला दमा, आणि ओढायचा पंप बाजारात मिळत नव्हता. मी पाट मांडला, तेलाची धार सोडली, टिळा लावला, ओवाळलं. पुरी-श्रीखंड वाढलं. तो दोन घास खाऊन म्हणाला, गावात आता इंडियाचं नाव काढलं की लोक थुंकतात. वडिलांचा सैन्यातला फोटो आईने भिंतीवरून काढून ठेवलाय.

मला ते लागलं. मला त्याला समजवायचं होतं, शप्पथ. पण माझी जीभ म्हणजे काय सांगावं. मी म्हटलं, अरे, पुलावर तुमचीच माणसं बसलीत, आमच्या नावाने कशाला खडे फोडता? तो खाली बघून म्हणाला, आईला पंप मिळत नाही एवढंच मला माहीत आहे. इथे मी थांबायला हवं होतं. नाही थांबले.

"आणि भूकंपात पहिलं कोण धावून आलं रे?" मी म्हटलं. "त्या घोंगड्या कोणी दिल्या? एवढ्यात विसरलात?"

जेवणाऱ्यावर केलेले उपकार काढू नयेत हे मला आईने लहानपणी शिकवलेलं. कुत्र्यालासुद्धा खाताना हाड म्हणू नये म्हणायची ती. आणि मी, ओवाळून पाटावर बसवलेल्या भावावर केलेले उपकार काढले. तेही माझ्या एकटीचे नाही, सगळ्या देशाचे.

त्याने हातातली पुरी ताटात ठेवली. पाटावरून उठला आणि तेलाची धार ओलांडून निघाला. भरल्या ताटावरून. मी नुसती वाडगं हातात धरून उभी. पॅसेजमध्ये लिफ्टपर्यंत त्याच्या टाचेचे तेलकट ठसे उमटले होते, ते मी फडक्याने पुसले आणि पुसताना मला इतका राग आला होता की विचारू नका. त्याचा की माझा, ते मात्र सांगता येणार नाही.

नोकरी त्याने सोडली नाही. पार्सल घ्यायचा, पाण्याचा टँकर आला की फोन करायचा, आमच्या ह्यांना बरं नव्हतं तेव्हा रिक्षा आणून हात धरून बसवलं. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी मॅडम झाले. चौथ्या मजल्याच्या मॅडम. त्याची आई त्या थंडीतून निभावली, पुलावरची माणसं उठली, ट्रक सुरू झाले. मी म्हटलं चला, आता मिटेल. पुढच्या भाऊबीजेला बोलावलं तर म्हणाला, ड्युटी आहे मॅडम. त्याच्या पुढच्याही वर्षी ड्युटी. फराळाचा डबा खाली पाठवायचे, तो घ्यायचा. परत यायचा तो स्वच्छ घासलेला आणि रिकामा.

मी माफी का नाही मागितली, असं ह्यांनी कितीदा विचारलं. मागणार होते ना. पण कसली मागायची हेच ठरेना. घोंगड्यांबद्दल बोलले त्याची मागितली, तर रस्ता आपणच अडवला हे मान्य केल्यासारखं होतं की काय? आणि नाही मागितली, तर नुसत्या एका टीव्हीवाल्याच्या भरवशावर भाऊ घालवला असं होत होतं. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी गेटमधून जाताना रोज मनात वाक्य जुळवायचे आणि 'माझं कुरिअर आलंय का' एवढंच विचारून वर यायचे.

लॉकडाऊनच्या काळात नकाशाचं प्रकरण झालं. डोंगरातला कुठलासा पट्टा दोन्ही देश आपापल्या नकाशात दाखवायला लागले. दोन्हीकडच्या लोकांनी मोबाइलवर एकमेकांना यथेच्छ शिव्या दिल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही सुरू झालं. हे लोक असेच, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे, वगैरे. आणि प्रत्येकाच्या खाली एक ओळ असायची, आपला वॉचमन मात्र चांगला आहे हं. मला गंमत वाटली. माझी मावसबहीण कोपरीला राहते, तिच्याही सोसायटीत हेच, त्यांचाही वॉचमन मात्र चांगला. म्हणजे प्रत्येकाच्या गेटवरचा चांगला. मग वाईट तो नेमका कुठल्या गेटवर बसतो? मी हे ग्रुपवर लिहिलं. एकीने हात जोडलेलं चित्र टाकलं.

पण किल्ल्या कमी होऊ लागल्या. कोणी उघडपणे काही बोललं नाही. कोणी कुलूप बदललं, कोणाच्या सुनेने मागून घेतली, कोणाला अचानक जास्तीची लागली. तो मागेल त्याला शांतपणे खिळ्यावरून काढून द्यायचा. शेवटी खिळ्यांवर तीनच उरल्या, त्यातली एक माझी. मी मुद्दाम ठेवली होती. घराला कुलूप लावायची वेळसुद्धा येत नव्हती तेव्हा, तरी ठेवली होती. त्याने ती पाहिली असेल असं मी धरून चालले होते.

नंतर आपल्या सैन्यातली त्यांच्याकडची भरती थांबली. नवीन चार वर्षांच्या नोकरीवरून दोन्ही सरकारांचं जमेना. त्याचा मुलगा आजोबांसारखा भरती व्हायचा म्हणून रोज डोंगरात पळायचा, तो कतारला गेला. मुलाचं हे त्याने मला लिफ्टच्या दारात सांगितलं, लिफ्टचं दार धरून, इतर कुठली बातमी सांगावी तसं. मग म्हणाला, गावी गेलो की म्हणतात तू इंडियाचा झालास, इथे म्हणतात तू नेपाळचा. मी विचारलं, आणि तू काय म्हणतोस? म्हणाला, मी म्हणतो लिफ्टमध्ये चारच जण चढा.

त्यानंतर दोनेक महिन्यांत तो कायमचा गावी निघाला. आई गेली होती, बायको एकटी होती. सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं, सेक्रेटरींनी भाषण केलं, दोन देशांचं रोटी-बेटीचं नातं वगैरे. तो हात बांधून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तो, इस्त्रीचा शर्ट, पायातल्या चपला आधीच काढलेल्या.

"त्या दिवशीचं ताट राहिलंय," तो म्हणाला.

माझी तारांबळ उडाली. घरात काय, तर भेंडीची भाजी आणि वरण-भात. सणाचं काही नाही, गोडाचं काही नाही. मी म्हटलं, थांब, पुऱ्या तळते, दहा मिनिटं. तो म्हणाला, जे आहे ते. मी पाट काढला तर तो बाजूला सरकवून खाली लादीवर बसला. मी ताट वाढलं आणि देव्हाऱ्यातून निरांजन आणायला वळले, तेलाची बाटलीही घेतली. त्याने मान हलवली. ओवाळू नका म्हणाला.

जेवला मात्र सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मी समोर बसून होते. सात वर्षं जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे, त्यातलं एकही येईना. एवढंच म्हटलं की, मी तेव्हा फार वाईट बोलले रे. त्याने हो म्हटलं. नाही, तसं काही नाही, असं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. ताट त्याने स्वतः घासलं, मी अडवलं तरी ऐकलं नाही. मग खिशातून आमची किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"मिटलं ना?" मी विचारलं.

तो दारात चपला घालत होता. वर बघून म्हणाला, "जेवण पूर्ण झालं, दिदी."

दिदी म्हणाला. सात वर्षांनी. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि ढसाढसा रडले. हे विचारतात, अगं, आता रडतेस कशाला, चांगलं झालं ना? मला काय माहीत चांगलं झालं का. माझी चूक पोटात घातली असेल, तर ओवाळू का दिलं नाही? आणि नसेल घातली, तर दिदी कशाला म्हणाला? का आपल्याकडचं काहीही बाकी ठेवायचं नाही, ना नातं ना राग, म्हणून जेवून गेला? अजूनही टीव्हीवर त्यांच्याकडची काही बातमी आली, तिथली पोरं रस्त्यावर उतरलेली दिसली, की मी आधी आवाज वाढवते आणि मग बंद करते. त्याने दिलेला नंबर लागत नाही. सणाला मी तेलाची बाटली हातात घेते आणि जागेवर ठेवून देते.

गेटवर आता नवा माणूस आहे, तोही तिकडचाच. ग्रुपवर सगळ्यांनी त्याला तेच जुनं नाव देऊन टाकलंय. मी पहिल्या दिवशी खाली गेले आणि त्याला त्याचं खरं नाव विचारून घेतलं.