कॅमेऱ्याचं कपाळ

आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा आत्या, म्हणजे मी, इथं प्रताप नगरात आणि पाळणा जर्मनीत, म्हणून मी व्हिडिओ कॉलवरून नाव सांगायचं ठरलं. त्यावर वहिनी अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "आणि ताई, तुमचा कॅमेरा नाहीच चालला तर माझी मैत्रीण आहे ना इथं. ती सांगेल कानात."

तिची मैत्रीण! माझ्या भाचीच्या कानात! माझा तिळपापड झाला. लॅपटॉपचा कॅमेरा कधीचाच गेलेला, म्हणून बर्डीच्या बाजारात जाऊन नवा वेबकॅम आणला, पडद्याच्या डोक्यावर बसवला आणि बारशाच्या दुपारी तपासून पाहिला. चित्र इतकं स्वच्छ की माझ्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसला. निश्चिंत होऊन मी पैठणी नेसायला गेले.

परत येऊन पाहते तर पडद्यावर मी नाहीच. नुसता तांबडा काळोख. वायर काढून घातली. लॅपटॉप बंद करून सुरू केला. सेटिंगमध्ये शिरून कॅमेऱ्याला जी म्हणून परवानगी देता येते ती सगळी दिली. भावाला फोन लावला तर तो म्हणाला, "ड्रायव्हर काढून परत टाक वं ताई." टाकला. काळोख तसाच. "दुकानदारानं फसवलं मला," मी ओरडले, आणि फोनमध्ये मागून वहिनीचा आवाज आला, "बोलावू का हो तिला?"

आई इतका वेळ सोफ्यावर शांत बसून होती. जरा जास्तच शांत. आमच्या घरात मिक्सर येवो नाहीतर मोपेड, आईच्या हळदीकुंकवाशिवाय काही चालू होत नाही. हे आठवलं तशी मी उठले आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी तोंड नेलं. भिंगावर, बरोब्बर मधोमध, ठसठशीत ओलं कुंकू.

"आई, हे काय करून ठेवलं?"

"पूजा केली. नवी वस्तू आहे."

"पण डोळ्यात?"

"मले काय मालूम त्याचं कपाळ कुठं असते! गोल दिसलं, लावलं."

मी रुमाल पुढे केला तसा तिनं माझा हात धरला. "काहून पुसून राहिली वं? बारशाच्या दिवशी कुंकू पुसते का कोणी?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, पुसत नाही, जागा बदलते. मग तिनं वायरीवर कुंकवाचं नवं बोट ओढलं आणि तोंड फिरवून बसली. "मी काही पाहिलं नाही," ती भिंतीला म्हणाली. भिंग साफ करताना चष्म्याच्या कपड्याचा बळी गेला, पण मी पडद्यावर परत आले. कॉल लागल्यावर वहिनी म्हणाली, "अय्या, दिसलात!" त्यात आनंद किती होता ते मी मोजत बसले नाही.

भावानं फोन पाळण्यात नेऊन बाळाच्या कानापाशी धरला, आणि माझ्यासमोर पडदाभर फक्त कान. गुलाबी, लुसलुशीत कान. ज्या कॅमेऱ्यासाठी दुपारभर जीव काढला, त्यातून मला बघायला पलीकडे कोणी नाही! कानाला काय दिसणार? मला हसू आवरेना. हसत हसतच कुर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीत धपकन बुक्का बसला तो आईचा. तिकडे जमलेल्या सगळ्या बायकांच्या वाटचे बुक्के तिनं एकटीनं घालायला घेतले.

तेवढ्यात कान हलला. चित्र डुचमळलं आणि कानाच्या जागी एक डोळा आला. काळाभोर, टक्क उघडा. तो इकडेतिकडे भिरभिरला आणि माझ्यावर थांबला.

"पाहून राहिली वं तुले," आई हळूच म्हणाली. तिचा हात हवेतच राहिला.



"ताई? ताई, चित्र अडकलंय का?" वहिनी विचारत होती. मी जराही न हलता त्या डोळ्याकडे बघत राहिले. हलले असते तर भाची दुसरीकडे बघायला लागली असती.