गव्हाच्या कोठीत फ्रेंच वाइन

मी वाइन पिते. वणीत राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी, दारूचं दुकान बंद करा म्हणून त्याच्यासमोर महिला मंडळातल्या बायकांबरोबर घसा बसेपर्यंत घोषणा दिलेली मी शनिवारी संध्याकाळी एक ग्लास फ्रेंच वाइन पिते, आणि ती मला आवडते. हे लिहायला धीर गोळा करावा लागला. आता लिहिलं आहे, तर खोडणार नाही.

माझे वडील दारूनं गेले. राजूरला कोळशाच्या खाणीत होते. पगाराच्या दिवशी घरी सगळ्यात शेवटी पोचायचे. आईनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. शाळा नसली की तिच्या जोडीला कापसाच्या ओळीत मीही असायची. त्या घरातली मुलगी असले काही शौक करते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मीच ते स्वतःला रोज म्हणत होते.

झालं असं, की माझी मुलगी शिकायला फ्रान्सला गेली आणि द्राक्षतोडणीच्या दिवसांत मी तिच्याकडे जाऊन राहिले. तिच्या घरमालकिणीचा डोंगरउतारावर लहानसा मळा होता. माणसं कमी पडली म्हणून मीही कात्री घेऊन ओळीत उभी राहिले. बोंडातून कापूस ओढलेल्या बोटांना घड कापणं जड गेलं नाही. पाठ मात्र इथल्यासारखीच दुखली.

त्या बाई अख्खे घड पिंपात टाकायच्या आणि वरून काहीच घालायच्या नाहीत. विकतचं यीस्ट नाही, साखर नाही, टिकवण्याचं औषध नाही. द्राक्षाच्या सालीवर जे यीस्ट असतं, तेच कामाला लागायचं. किण्वन मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं. त्यांच्या तळघरात पिंपाला कान लावला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आत बारीक खदखद चालू होती.

पहिला घोट घेताना वडील आठवले. दुसरा घेताना आठवले नाहीत. त्या दुसऱ्या घोटाचं ओझं मी पुढे कितीतरी दिवस वागवलं.

पण शिकायची सवय जात नाही. बाटलीवर द्राक्षाचं नाव का नसतं, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, इथं गावाचं नाव लिहितात." मग कळलं. आपणही भिवापूरची मिरची म्हणतो, वायगावची हळद म्हणतो. जात कुठली ते विचारत नाही. माती आणि गाव सांगितलं की पुरे. जीभ आवळणारा वाइनमधला तुरटपणा मला कच्च्या टेंभरावरून, म्हणजे तेंदूच्या फळावरून, समजला. एका गढूळ पांढऱ्या वाइनला पिकल्या कवठाचा वास होता. लाल वाइन घोटभर तोंडात धरली की आधी जांभूळ, मग मिरं, आणि अगदी शेवटी ओल्या काळ्या मातीसारखं काहीतरी. तिकडचे लोक तिच्याबरोबर चीज खातात. खावं. माझ्या मते ती हलकी लाल वाइन थोडी गार करून पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, झणझणीत रश्श्याबरोबर प्यावी. ती फार तुरट नसते, म्हणून तिखटाशी भांडत नाही. हे मला कुठल्या फ्रेंच माणसानं सांगितलं नाही. माझं मीच शोधलं.

मुलगी सुट्टीत आली की दोनतीन बाटल्या आणायची. आई माझ्याकडेच राहायची, म्हणून त्या लपवाव्या लागत. वाइनला अंधार लागतो, गारवा लागतो, आणि आमच्या घरातली सगळ्यात अंधारी जागा म्हणजे गव्हाची कोठी. वर्षाचे गहू भरताना कडुनिंबाच्या पाल्याखाली मी एक बाटली खोचून दिली. त्या वाइनमध्ये द्राक्षातलीच थोडी साखर मुद्दाम राहू दिलेली होती आणि यीस्ट जिवंत होतं. विज्ञानाच्या बाईला एवढं कळायला हवं होतं. मे महिना लागला, पत्र्याची कोठी तापली, आणि यीस्ट पुन्हा कामाला लागलं.

आई सकाळी दळणाचे गहू काढायला गेली आणि ओरडली, "पोरी, कोठीत उंदीर मेला वं! रगत हाये हे!"

मी धावत गेले. बूच उडालं होतं. आईचा हात कोपरापर्यंत लाल झालेला. तिनं तो नाकाजवळ नेला आणि तिचा चेहराच बदलला.

"हे काय होय?"

"द्राक्षाचा रस आहे, आई. पोरीनं आणलेला."

"रस?" आई म्हणाली. "तुहा बापही रसच पेत होता."

मला पुढे खोटं बोलता आलं नाही. सांगितलं सगळं. ती तिथंच कोठीला टेकून बसली. लाल हात पदराला पुसत म्हणाली, "माह्या डोक्यावर हात ठेव. पुन्हा शिवणार नाई म्हण. नाई तं मले उमरखेडले नेऊन दे, तुह्या भावाकडे."

आमच्याकडे दारू सोडवायची ही एकच रीत. वडिलांनी शपथा घेतल्या त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून. त्यांच्या हाताचं वजन अजून माझ्या टाळूला आठवतं. प्रत्येक वेळी आई डोळे पुसायची, त्यांना ताट वाढायची आणि पगाराच्या दिवशी पुन्हा दाराशी उभी राहायची. शपथ मोडली की माझं काही वाईट होईल, या भीतीनं मी रात्र रात्र जागी असायची.

मी हात पुढे केला नाही.

"आई, तू म्हणशील ते करीन, पण हे नाही. दारूत जे असतं ते हिच्यातही आहे, ते मी नाकारत नाही. दुकान बंद झालं पाहिजे, हेही मी उद्या पुन्हा ओरडून सांगीन. पण मी एक ग्लास घेते, कोणाला मारत नाही, कोणाची चूल विझवत नाही. मी खोटी शपथ घेऊन तुला घरात ठेवून घेणार नाही. खोट्या शपथांच्या घरात आपण दोघी राहून आलोय."

"बाईची जात अन् दारू पेते," ती म्हणाली. "लाज नाई वाटत?"

"वाटत होती. लपवत होते तोवर."

आईनं पिशवी भरली. स्टँडवर मी तिला उमरखेडच्या एसटीत खिडकीजवळ बसवून दिलं. गाडी हलली तसं तिनं खिडकीतून विचारलं, "रोज पेतं काय?"

"शनिवारी."

"तुहा बापही आधी शनिवारीच पेत होता."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण घरी येऊन मी उरलेल्या बाटल्या कोठीत नाही, कपाटात नाही, सरळ फ्रीजमध्ये ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. मंडळातल्या बायका चहाला आल्या तेव्हा त्यांनाही दिसल्या. दोघी नंतर यायच्या बंद झाल्या. एकीनं विचारलं, "कडू लागते काय हो मॅडम?"

आई अजून उमरखेडलाच आहे. शनिवारी दिवेलागणीला तिचा फोन येतो. इतर कुठल्या दिवशी येत नाही.

"घेतला काय?"

"हो."

"किती?"

"एकच."

खोटं बोलले तर तिला एका क्षणात कळेल, आणि मी खोटं बोलत नाही.

"संग काय केलं?"

"पाटोडी."

"बेसन नीट शिजू देत जा," म्हणते आणि फोन ठेवते.