पोळ्याच्या दिवशी पांदणीत

मागच्या पोळ्याला मी आमच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीत एक टँकर, दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी फसवला. नांगर वाचला, कारण तो घरी होता.

हे मी मुद्दाम केलं असं अजूनही गावात दोघं-तिघं म्हणतात. ते साफ खोटं आहे. माझा हेतू अगदी सोन्यासारखा होता. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. वजीर आणि शंकर ही आमची बैलजोडी शेतातल्या गोठ्यात असते, आणि पोळ्याचं तोरण तोडायचा मान आजोबांपासून आमच्या घराकडे. दर वर्षी बाबा जोडीला नाल्यावर नेऊन धुतात, सजवतात आणि पांदणीनं गावात आणतात. त्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखत होते. "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. एवढा पोळा माह्या हातानं होऊ दे," असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, या गुडघ्यांनी बाबांनी नाल्यापर्यंत कशाला जायचं? नालाच शेतात नेऊ! (घरी नवा ट्रॅक्टर आला की माणसाला असलेच विचार सुचतात.)

बाबा सकाळीच गोठ्यावर गेले होते. मी शेजाऱ्याकडून पाण्याचा टँकर मागून आणला, काठोकाठ भरला आणि ट्रॅक्टरला जोडला. माझी बायको सुनीता पुरण वाटत होती. तिथूनच तिनं विचारलं, "अहो, टँकर कुठी नेऊन राह्यले?"

"शेतात. बैल धुवाले."

"अन् पांदन? परवापासून पानी चालू हाये. काळी माती हाये थे, डांबरी रोड नाही!"

"अवं, मोठाले चाकं हायेत ट्रॅक्टरले!"

"म्हनून तं मोठाले खड्डे करतीन."

केले. पांदणीच्या ऐन मध्यात ट्रॅक्टरनं एक हेलकावा खाल्ला आणि तो थांबला. दोन्ही बाजूंना नाली, त्यापलीकडे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मी जोर देऊन रेस केली. चाकं जागच्या जागी गरगरली, चिखल माझ्या नव्या सदऱ्यावर उडाला आणि ट्रॅक्टर आरामात खाली बसला.

"काय झालं बे?" गोठ्याकडून बाबांचा आवाज आला.

"काही नाही बाबा! जरासं अडकलं!"

आता कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी विचार केला, ओझं कमी करावं. टँकरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. ओझं कमी झालं, यात शंका नाही. पण सगळं पाणी चाकांखालीच गेलं आणि पांदणीची खीर झाली. ट्रॅक्टर आणखी वीतभर आत गेला. बाबा काठी टेकत आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी ते तळं न्याहाळलं आणि म्हणाले, "वा! आता भंडारा जिल्ह्यावानी धान लाव इथी."

"बाबा, बैलाइले पानी आनत होतो…"

"लेका, गोठ्यापाशी विहीर हाये ना! मोटर चालू करून धुतले मी बैल."

(हो. शेतात विहीर आहे. विहिरीवर मोटर आहे. ती मीच बसवली आहे.)

मी चुलतभावाला, गजूभाऊला फोन केला. तो त्याचा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन गावाकडून आला. "हट्, हे काय फसनं झालं! दोन मिनिटांचं काम!" असं म्हणत त्यानं मागून साखळी लावली. दोन मिनिटांत काम झालंही. त्याचाही ट्रॅक्टर फसला. सुनीताच्या चुलीसाठी रचून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे आणून आम्ही चाकांखाली घातले. जमिनीनं ते सगळे गिळले.

मग शेजारच्या गावात रस्त्याच्या कामावर असलेला जेसीबी आला. चालवणारे राठोडभाऊ तांड्यावरचे, डोक्याला नवा कोरा रुमाल बांधून बसलेले. "माह्ये बी बैल सजवाचे हायेत, लवकर सांगा काय ओढाचं थे!" त्यांनी घाईत यंत्र पुढे घेतलं, काठ खचला आणि जेसीबीचं मागचं चाक नालीत उतरलं. टँकर धरून चौघंही एका ओळीत! जेसीबीचं एक बरं असतं, तो आपल्या हातानं आपल्यालाच उचलू शकतो. पाय झाडत, हात टेकत बऱ्याच वेळानं तो बाहेर निघाला, जाता जाता त्यानं गजूभाऊचा ट्रॅक्टरही ओढून काढला. पण माझ्यापर्यंत यायला राठोडभाऊ तयार होईनात.

"प्रकाशभाऊ, तिथी आलो तं म्या बी पुढच्या पोळ्यालेच निंगन. राम राम!"

एव्हाना ऊन कललं होतं. गावातून डफड्याचा आवाज येत होता. साऱ्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या आणि मानाची जोडी माझ्या ट्रॅक्टरच्या पलीकडे अडकलेली. दिवस बुडायच्या आत ती पोचली नाही, तर तोरण दुसऱ्या जोडीनं तोडायचं, असा आमच्याकडे रिवाज. बाबांनी वजीर-शंकरला झुली घातल्या होत्या, शिंगांना बेगड लावली होती, बाशिंगं बांधली होती. बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

तोरणाखालून माणसं बघायला येऊ लागली. त्यातला एक म्हणाला, "काका, तुमची जोडी हाये ना! जुपा. एका झटक्यात काढते ट्रॅक्टर."

"आज?" बाबांचा आवाज चढला. "वर्षभर वावर वायतात बिचारे, आज त्याइच्या खांद्यावर जू ठेवू? मान गेला तं जाऊ दे. जू नाही लागनार."

ते असं बोलले आणि वजीरच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की त्या चिखलात ट्रॅक्टरऐवजी आपणच गडप व्हावं असं वाटलं.

तेवढ्यात सुनीता चार-पाच बायकांना घेऊन आली, पदर खोचलेला, हातात विहिरीचा जाडजूड दोर. "आज सुट्टी बैलाइले हाये ना? मानसाइले कुठी हाये? धरा दोर!"

मूळ आरोपी म्हणून मला सगळ्यात पुढे लावलं. दोर खांद्यावर घेतला. गजूभाऊ माझ्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसला. चाकांपुढचा चिखल फावड्यांनी ओढून काढला, टँकरची पिन ठोकून मोकळी केली. रिकामा टँकर मुकाट्यानं आला, पण ट्रॅक्टर हलेना. बाबांना राहवेना. त्यांनी काठी उगारली.

"हर्र! हो, हो! पक्या, डावीकडून जोर लाव! मान खाली घाल!"

मी मान खाली घातली. तोंडावर पडलो. उठलो, पुन्हा ओढलं. वजीर आणि शंकर झुली पांघरून, शांतपणे रवंथ करत आमच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत कोणी त्यांना असा खेळ दाखवला नसावा. शेवटी मोठ्ठा 'फच्च' असा आवाज झाला, ट्रॅक्टर मागे सरकला आणि सगळं गाव एकमेकांच्या अंगावर कोसळलं. कोणी ओरडलं नाही, सगळे हसत सुटले.

ट्रॅक्टर रुंद जागेत बाजूला घेतला आणि बाबा जोडी घेऊन निघाले. गुडघे दुखत होते की नाही कोण जाणे, पण ते जवळजवळ पळतच होते. सूर्याची एक कड दिसत असताना वजीरनं तोरण तोडलं. बाबा हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. (त्या पोळ्याच्या झडत्यांत, म्हणजे चिमटे काढणाऱ्या गाण्यांत, माझ्यावर बरंच काही म्हटलं गेलं. ते छापण्यासारखं नाही.)

दुसऱ्या दिवशी माझे हात वर होईनात. खांद्यांवर दोराचे वळ उठले होते. सुनीता वाटीत हळद आणि लोणी घेऊन आली आणि खांदे चोळू लागली. बैलांचे खांदे असेच पोळ्याच्या आदल्या दिवशी शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात देतात. तिनंही माझ्या कानाशी तोंड आणलं.

"जेवन काल झालं. आता टँकर धुवून परत द्याचा हाये. चला, उठा."

मी निमूट मान डोलावली. गळ्यात घुंगरू तेवढे नव्हते.